वाळलेला हात पुन्हा कामास कसा लागतो?

शुभवर्तमानात हात वाळलेल्या एका मनुष्याची गोष्ट आहे. ती आमच्या विद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकली असेल. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात तो मनुष्य बसला होता. प्रभू येशूने त्यास सर्वांच्या देखत उभे केले व हात पुढे करावयास सांगितले. त्याने तो केला आणि हात पूर्ववत झाला. ही हकीकत सांगताना तो हात उजवा होता, एवढी बारीक गोष्ट फक्त लूकने नोंदविली आहे. आणि लूक हा वैद्य होता हे प्रसिद्धच आहे. उजवा हात वाळला म्हणजे मनुष्याची भाकर वाळली, हे वैद्याच्या दृष्टीतून कसे सुटावे?

असे वाळलेले हात आजही आपल्या आसपास आहेत. ते का वाळतात, आणि पुष्कळ दिवस लोटल्यावर त्यांत पुन्हा चलनवलन आणता येते की काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहो. हा विषय वैद्यांचा असला तरी त्यातील एक गोष्ट प्रत्येक घरी ठाऊक असावयास पाहिजे. ती ठाऊक नसल्यामुळे वाचण्याजोगे हात दरवर्षी वाया जातात, म्हणूनच ही लेखणी उचलली आहे.

पेणेस किंवा त्या तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावी गणपतीच्या कारखान्यात जाऊन मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चाललेली ज्याने पाहिली असेल, त्यास हाताची थोरवी निराळी सांगावयास नको. कुंचला धरलेली बोटे केसभर सरकतात आणि मातीच्या मुखावर दृष्टी उमटते. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी भाताची लावणी करणाऱ्या बाया चिखलात वाकून रोपांची चूड सोडवितात व चिमटीने एकेक आवा रोवीत जातात. कुंचला धरणारी चिमटी आणि रोप धरणारी चिमटी एकाच जातीची. ही चिमटी कशाने चालते?

येथे विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. डाव्या हाताने उजव्या हाताचे कोपराखालील मांस धरावे आणि उजवी मूठ जोराने आवळावी. आतील स्नायू फुगून टणक झालेले लागतील. म्हणजे मूठ वळविणारे मुख्य बळ बोटांत नसून कोपराखाली आहे. तेथून कंडरा नावाचे चिवट दोर मनगटातून बोटांपर्यंत गेलेले आहेत, आणि कळसूत्री बाहुलीप्रमाणे ते बोटांस ओढतात. आता अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकास दाबून लावावे. या वेळी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा टणक होईल. हा तळहातातील लहान स्नायूंपैकी एक गट होय. मोठे स्नायू हातास जोर देतात, लहान स्नायू कसब देतात. कुंचल्याचे काम मुख्यतः या लहान स्नायूंचे.

परंतु स्नायू आपण होऊन काही करीत नाही. मेंदूची आज्ञा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत येते आणि तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत पोहोचते. मानेतून निघालेले हे तंतू खांदा, दंड, कोपर, मनगट असा प्रवास करीत बोटांपर्यंत जातात. त्यांतील काही तंतू आज्ञा खाली नेतात, तर काही तंतू स्पर्शाची, उष्णतेची व वेदनेची बातमी वर आणतात. कोपर दारावर आपटला असता करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांस आहे. तेथे एक मोठा मज्जातंतू हाडाच्या खोबणीतून अगदी कातडीखालून जातो, त्याचाच तो प्रताप.

हे तंतू निरनिराळ्या कारणांनी निकामी होतात. कापणीच्या वेळी विळा मनगटावर लागतो किंवा फुटलेली काच खोल जाते. जखम वरवर लहान दिसते, पण आतील तंतू तुटलेला असतो. मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून वडखळ, नागोठणे, कोलाडकडे जातो. त्यावर दुचाकीचा अपघात होऊन खांद्यावर आदळलेल्या तरुणाचे मानेतून निघणारे तंतू ताणले किंवा मुळापासून उपटले जातात व सारा हात लोंबकळतो. तिसरे कारण म्हणजे कुष्ठरोग. त्याचा विचार पुढे सविस्तर येईल.

तंतू तुटल्यावर काय होते, हे ऑगस्टस वॉलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1850 साली बेडकाच्या जिभेवर प्रयोग करून दाखविले. तुटलेल्या जागेच्या खालचा भाग काही दिवसांतच विरघळून जातो. वरचा भाग मात्र मज्जारज्जूशी जोडलेला असल्याने जिवंत राहतो आणि त्यास नवे कोंब फुटतात. खालील तंतू विरघळला तरी त्याची पोकळ नळी मागे उरते. कोंबास ती सापडली तर तिच्यातून वाढत तो स्नायूपर्यंत जाऊ शकतो. निसर्गाची ही योजना विलक्षण आहे. पण तिची चाल फार मंद आहे. कोंब दिवसास सुमारे 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्यास सुमारे 3 सेंटिमीटर वाढतो.

आता गणित करून पाहू. मनगटाशी तुटलेला तंतू नीट शिवला तर त्यास अंगठ्याच्या मुळापर्यंत 9 किंवा 10 सेंटिमीटर जावयाचे असते. सुमारे तीन महिन्यांचा हा प्रवास. पण तंतू मानेशी तुटला असेल आणि तळहातापर्यंत 70 सेंटिमीटर जावयाचे असेल, तर 700 दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. प्रारंभीचे काही आठवडे तर कोंब फुटण्यातच जातात.

इतका वेळ स्नायू वाट पाहत नाही, हीच खरी अडचण आहे. आपल्या शेतकरी वाचकांस हे पटकन उमगेल. पाट फुटला म्हणजे खालच्या खाचरातील भात प्रथम कोमेजतो. चार दिवसांत पाट बांधून पाणी सोडले तर पीक पुन्हा तरारते. पण रोप मुळासकट करपल्यावर पाणी पोहोचून काय उपयोग? स्नायूची हीच गत आहे. तंतूची आज्ञा बंद झाली की तो रोड होऊ लागतो. पहिल्या काही महिन्यांतच त्याचे निम्म्याहून अधिक मांस झडते. पुढे तंतू व स्नायू जेथे मिळतात ती स्थाने नाहीशी होऊ लागतात, स्नायूच्या जागी निर्जीव दोरखंडासारखे तंतुमय द्रव्य व चरबी साचते, आणि तंतूच्या पोकळ नळ्याही आकुंचन पावतात. साधारणपणे एक ते दीड वर्षात तंतू स्नायूपर्यंत पोहोचला नाही, तर त्यानंतर तो पोहोचूनही स्नायू उठत नाही. स्पर्शज्ञान त्यानंतरही काही अंशी परत येऊ शकते. बळ मात्र येत नाही. हात वाळणे म्हणतात ते हेच.

म्हणून मुदतीच्या आतील उपाय एका प्रकारचे व मुदत टळल्यावरचे उपाय दुसऱ्या प्रकारचे असतात.

मुदतीच्या आत तंतूस वाचवावयाचे असते. स्वच्छ कापलेल्या तंतूची टोके शल्यवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने जोडतात. मधला तुकडा नष्ट झाला असेल तर पायाच्या पोटरीवरून जाणारा, केवळ स्पर्शज्ञानाचा, एक तंतू काढून त्याचा पूल बांधतात. त्यामुळे पावलाच्या कडेचा थोडा भाग बधिर होतो, परंतु चालण्यास बाध येत नाही. मानेशी तंतू उपटला असेल तर जोडावयास वरचे टोकच नसते. अशा वेळी शेजारच्या धडधाकट तंतूतील एक लहान जुडगा काढून तो निकामी स्नायूच्या अगदी जवळ जोडतात. कोपर वाकविणाऱ्या स्नायूसाठी करंगळीकडील तंतूचा असा जुडगा वापरण्याची रीत पॅरिसचे शल्यवैद्य ओबर्लिन यांनी 1994 साली प्रसिद्ध केली. यात युक्ती अशी की सत्तर सेंटिमीटरांचा प्रवास काही थोड्या सेंटिमीटरांवर येतो आणि स्नायू करपण्यापूर्वी पाणी पोहोचते.

परंतु मुदत टळून गेली असेल तर? दहा वर्षांपूर्वी वाळलेला हात घेऊन कोणी आला, तर त्यास हात हलवीत परत पाठवावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर जगास पुष्कळ अंशी आपल्याच देशातून मिळाले, आणि ते ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे अशा रुग्णांच्या सेवेतून मिळाले, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली शोधून काढले. हे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात व मज्जातंतूंत घर करतात. कोपराशी कातडीखालून जाणारा जो तंतू आम्ही वर सांगितला, तो त्यांस विशेष सापडतो. तो सुजून निकामी झाला की करंगळी व अनामिका आकड्यासारख्या वाकतात. मनगटाशी दुसरा तंतू गेला की अंगठा चिमटीत येत नाही. गुडघ्याखालील तंतू गेला की पाऊल लोंबते. चेहऱ्याचा तंतू गेला की डोळा मिटत नाही.

1946 साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. ते तमिळ देशातील कोल्ली डोंगरांत काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचे पुत्र. जन्म 1914 चा. चिंगलपेट येथील कुष्ठालय पाहावयास गेले असता त्यांनी एका रुग्णाचा वाकडा पंजा हाती घेतला व त्यास आवळावयास सांगितले. निकामी दिसणाऱ्या त्या हाताची पकड इतकी जबर होती की डॉक्टरांच्या हातात नखे रुतली! डॉक्टरांच्या ध्यानी आले की हा हात सर्वस्वी मेलेला नाही. तळहातातील लहान स्नायू गेले आहेत, पण कोपराखालचे मोठे स्नायू शाबूत आहेत. मग त्यांतील एखादा स्नायू उसना घेऊन त्याजकडून गेलेल्या स्नायूचे काम का करवू नये?

आपल्या कोकणातील सावड सर्वांस परिचित आहे. एकाच्या घरी माणूस पडले तर शेजारचे येऊन त्याची लावणी उरकतात. कंडरांच्या स्थानांतराची शस्त्रक्रिया ही शरीरातील सावडच होय. प्रत्येक बोटास वाकविणारे दोन स्नायू असतात, एक वरचा व एक खोलचा. त्यांपैकी एका बोटाचा वरचा स्नायू सोडविला तरी खोलचा ते बोट वाकवितो. सोडविलेल्या कंडरेच्या चार पट्ट्या करून त्या चार बोटांस अशा रीतीने शिवतात की आकड्यासारखी बोटे पुन्हा सरळ व्हावी. लोंबणाऱ्या पावलासाठी पायाच्या आतील बाजूचा एक सबळ स्नायू पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूस बसवितात. येथे वाळलेल्या स्नायूस उठवावयाचे नसते. जिवंत स्नायूस नवे काम शिकवावयाचे असते. म्हणूनच दुखापत किती जुनी आहे याची आडकाठी या उपायास फारशी येत नाही. कंडरा स्थानांतराची कला इतरत्र पोलिओच्या व युद्धातील जखमी रुग्णांवर आधीपासून चालत होती. परंतु कुष्ठरोग्याच्या हातास ती लागू करावी, असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. ब्रँड यांनी 1948 पासून तशा शस्त्रक्रिया आरंभिल्या आणि ज्यांची बोटे ताटातील भात उचलू शकत नव्हती ती माणसे आपल्या हाताने जेवू लागली.

आमच्या प्रांतात हे कार्य डॉ. नोशीर अंटिया यांनी पुढे चालविले. इंग्लंडात प्लास्टिक शस्त्रक्रिया शिकून परतल्यावर त्यांनी पुण्यानजीक कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात हात व चेहरे सुधारण्याचे काम केले, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा प्लास्टिक शस्त्रक्रिया विभागाचे ते प्रमुख झाले. त्या काळी कुष्ठरोग्यास सामान्य रुग्णालयात खाट मिळणे दुर्घट असे; अंटियांनी त्यास इतरांच्या शेजारी खाट दिली. आमच्या जिल्ह्याशीही त्यांचा निकट संबंध होता. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात आरोग्याचे एक कार्य चालविले आणि थोडे शिक्षण दिलेल्या खेड्यातील बाया कुष्ठरोगाचे व क्षयाचे रुग्ण आरंभीच ओळखू शकतात, हे दाखवून दिले. बोटांवर मोठी शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यवैद्याने अखेर खेड्यातील आरंभीच्या चट्ट्याकडे वळावे, यात फार मोठा बोध आहे असे आम्हांस वाटते.

या सेवेची परंपरा आपणास परकी नाही. पेण तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली जन्मलेल्या विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठसेवा आरंभिली. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनातही अशीच सेवा घडत आली आहे.

कंडरांची सावड करावयास जवळपास सबळ स्नायूच उरला नसेल, तर आणखी एक उपाय आहे. मांडीच्या आतील बाजूस एक सडपातळ स्नायू असतो. तो काढला तरी चालण्यास विशेष बाध येत नाही. तो स्नायू रक्तवाहिन्या व तंतूसह काढून दंडात बसवितात, त्याच्या रक्तवाहिन्या तेथील रक्तवाहिन्यांस शिवतात व एखाद्या जिवंत तंतूशी त्याचा तंतू जोडतात. काही महिन्यांनी तो स्नायू कोपर वाकवू लागतो. जणू करपलेल्या खाचरात दुसरीकडचे रोप आणून लावावे तसे हे आहे.

तथापि वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उसना स्नायू मूळच्या स्नायूइतके कसब क्वचितच दाखवितो. आखणीचे बोट जसेच्या तसे परत येईल असे वचन कोणी देऊ नये. घास उचलणे, बटण लावणे, दोरी ओढणे हे पुष्कळदा साधते, आणि ज्याचे ते गेले होते त्यास त्याचे मोल विचारावे. शिवाय कंडरेच्या स्थानांतराने गेलेली संवेदना परत येत नाही. बधिर हातास चुलीवरचे भांडे पोळते ते कळत नाही. ब्रँड यांच्या देखत एका लहान मुलाने गंजलेल्या कुलुपाची किल्ली फिरविली, तेव्हा बोट हाडापर्यंत फाटले तरी त्यास पत्ता नव्हता. कुष्ठरोगात बोटे झडतात असे लोक म्हणतात. वस्तुतः वेदना नसल्यामुळे झालेल्या जखमा व त्या चिघळणे यांनीच त्यांचा नाश होतो. वेदना ही शत्रू नसून राखणदार आहे, हे यावरून कळावे. म्हणून बधिर हात रोज डोळ्यांनी तपासावा, आणि त्यास कढत शेक कधीही देऊ नये.

या सर्व उपायांस एक अट आहे. सांधे मऊ असले पाहिजेत. बोटे वर्षानुवर्षे वाकडी राहून सांधे आखडले, तर उत्तम शल्यवैद्यही प्रथम हतबल होतो. म्हणून हात लुळा पडला त्या दिवसापासून दुसऱ्या हाताने त्याचे प्रत्येक बोट रोज पूर्ण उघडावे व मिटावे, आणि वैद्य सांगतील तशी पट्टी बांधावी. तेलाच्या मालिशने अथवा विजेच्या पेटीने तुटलेला तंतू सांधला जात नाही. त्यांच्या भरवशावर महिने दवडणे म्हणजे वर सांगितलेली मुदत हातची घालविणे होय. शस्त्रक्रियेनंतरही कित्येक आठवडे शिक्षण घ्यावे लागते. काल बोट वाकविणाऱ्या स्नायूने आज ते सरळ करावयाचे असते. मेंदूस ही नवी बाराखडी गिरवावी लागते. ती गिरविण्याचे काम शल्यवैद्य करू शकत नाही. ते रुग्णानेच करावयाचे असते.

आता पालकांस दोन शब्द. मुलाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, तर लग्नाला अडचण येईल, लोक काय म्हणतील, या भयाने तो झाकून ठेवू नका. कुष्ठरोग औषधांनी साधारणपणे सहा महिने ते एक वर्षात पूर्ण बरा होतो. ही औषधे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, आणि ती सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून संसर्गाचे भय राहत नाही. हातापायांस अशक्तपणा किंवा बधिरता येऊन सहा महिने झाले नाहीत तोच उपचार सुरू झाले, तर तंतू वाचण्याची आशा पुष्कळ असते. तसेच विळ्याची वा काचेची जखम शिवून झाल्यावर बोटांस स्पर्श कळतो काय, अंगठा करंगळीस लागतो काय, हे त्याच दिवशी डॉक्टरांस विचारा. या एका प्रश्नाने एक हात वाचू शकतो. आणि ज्यांचा हात फार पूर्वीच गेला आहे त्यांनी आता काय व्हावयाचे म्हणून घरी बसू नये. हाताच्या शस्त्रक्रियेचे ज्ञान असलेल्या डॉक्टरांस तो एकदा अवश्य दाखवावा.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गात किंवा वाडीत कोणाचा हात असा वाळलेला असेल तर त्याजकडे पाहून हसू नका व त्यास टाळू नका. शुभवर्तमानातील त्या मनुष्याकडेही लोक टक लावून पाहत होते, पण ते त्याच्यासाठी नव्हे. शब्बाथ मोडतो की काय, हे पाहावयास. त्या मनुष्याकडे पाहणारा तेथे एकच होता. त्याने त्यास कोपऱ्यातून उठवून मध्यभागी आणले, आणि हात पुढे करणे मात्र त्याजवरच सोपविले. वाळलेल्या हाताच्या मनुष्यास मध्यभागी आणणे हे आपणां सर्वांचे काम आहे. पुढे हात करण्याचे धैर्य मग तो आपण होऊन करील.